उत्पन्न जास्त, मुलगी हुशार : अमेरिकेत मेरिट स्कॉलरशिप नेमकी कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारं मराठी कुटुंब, नवरा-बायको दोघंही आयटीत, मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाख १० हजार डॉलर. सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालेलं. मुलगी अकरावीत, गुण उत्तम, सॅट या प्रवेश परीक्षेत १६०० पैकी १५४०, कॉम्प्युटर सायन्सची ओढ. धाकटा आठवीत. मुलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, १ लाख १० हजार डॉलर जमले आहेत. ‘उत्पन्न बघता नीड-बेस्ड, म्हणजे घरची गरज बघून दिली जाणारी मदत मिळणार नाही, हे धरून चाललोय. आयव्ही लीग किंवा त्या तोडीच्या विद्यापीठात मेरिट स्कॉलरशिप मिळवायला आत्तापासून काय करावं? फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारचा मदतीचा फॉर्म, भरण्यात काही अर्थ आहे का? आणि एक सल्लागार सहा हजार डॉलर घेऊन ‘गॅरंटीड मेरिट’ मिळवून देतो म्हणतोय, त्याला पैसे द्यावेत का?’

मी नऊ वर्षं एका खासगी विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम केलं. त्यातली शेवटची पाच वर्षं स्कॉलरशिपच्या निवड समितीवर होते. आता मुलांना आणि पालकांना कॉलेजच्या अर्जांसाठी मदत करते आणि त्यात आपली बरीच मराठी कुटुंबं असतात. हा प्रश्न मला दर वर्षी पाच-सहा घरांतून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कटू गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांत मेरिट स्कॉलरशिप नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, पेन, ब्राउन, डार्टमथ, कॉर्नेल, कुठेच नाही. १९५४ साली या विद्यापीठांनी आपसात करार केला, तेव्हापासून तिथे खेळाडूंनासुद्धा खेळासाठी पैसे देत नाहीत. मदत मिळते ती फक्त कौटुंबिक परिस्थिती बघून. एमआयटीचंही तसंच. स्टॅनफर्ड खेळाडूंना स्कॉलरशिप देतं, पण अभ्यासातल्या हुशारीसाठी देत नाही. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, बोडन, पोमोना ही नावाजलेली छोटी कॉलेजंही त्याच वाटेवर. तेव्हा ‘आयव्हीत मेरिट कशी मिळवायची’ या प्रश्नावर कितीही मेहनत घेतली तरी हाती काही लागणार नाही. तुमची लेक कमी पडते म्हणून नव्हे, तिथे ती गोष्टच अस्तित्वात नाही म्हणून.

मग ज्या विद्यापीठांत मेरिट मिळते, ती तरी का देतात? हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं. आमच्या ऑफिसात फेब्रुवारीत मीटिंगा व्हायच्या. समोर एक लांबलचक तक्ता. एका ओळीत एक मुलगा किंवा मुलगी : गुण, राज्य, कोणता विषय घेणार, आईवडिलांना मदत लागणार की नाही, कॉलेज बघायला येऊन गेले का. शेवटच्या रकान्यात एक टक्केवारी असायची, ही मुलगी आपल्याकडे येण्याची शक्यता किती याची. मग चर्चा सुरू व्हायची. ‘हिला काहीच दिलं नाही तर पंधरा टक्के. १८ हजार दिले तर?’ ‘चाळीस.’ ‘द्या.’ एका मुलीवर दोन मिनिटंसुद्धा जायची नाहीत. १८ हजार सोडूनही तिच्याकडून कॉलेजला ४०-५० हजार मिळणार असायचे, वर तिच्या गुणांमुळे वर्गाची सरासरी वाढणार. जी मुलगी तशीही येणारच होती, तिच्यावर कुणी पैसे खर्च करायचं नाही. आणि हार्वर्डला तर कुणालाच ओढून आणावं लागत नाही.

म्हणजे मेरिट स्कॉलरशिप ही मुलीच्या हुशारीला मिळालेली शाबासकी कमी आणि तिला दुसरीकडे जाऊ न देण्यासाठी कॉलेजने मोजलेली किंमत जास्त. हे वाचून काही पालकांना वाईट वाटतं. मला उलट यात दिलासा वाटतो, कारण त्यातून शोध कुठे घ्यायचा ते कळतं : जिथे तुमच्या मुलीची कॉलेजला गरज आहे तिथे.

आता तुमच्या घराकडे वळू. ‘मदत मिळणार नाही हे धरून चाललोय’ असं तुम्ही लिहिलंय. धरून चालू नका, हिशेब करून बघा. केंद्र सरकारच्या मदतीत सहभागी असलेल्या प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे तुमच्या घराला प्रत्यक्षात किती पडेल याचा अंदाज देणारं साधन, ठेवणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. एका रविवारी दोघांनी टॅक्स रिटर्न समोर घेऊन बसा. एका कॉलेजला पंधरा-वीस मिनिटं लागतात. अतिश्रीमंत विद्यापीठांनी गेल्या एक-दोन वर्षांत उंबरठे बरेच वर नेले आहेत. हार्वर्ड, एमआयटी आणि पेन यांनी २०२५-२६ पासून साधारण २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली आहे. प्रिन्स्टनने तर बहुतेक घरांसाठी ही रेषा अडीच लाखांवर नेली. त्यावरच्या उत्पन्नाला मदत एकदम शून्यावर येत नाही, हळूहळू कमी होत जाते. ३ लाख १० हजारांवर तुम्हाला काही मिळेलच असं नाही, मिळालं तरी थोडंच असेल. पण न बघता सोडू नका.

हा हिशेब करताना आपल्या लोकांच्या दोन गोष्टी हटकून राहतात. एक, पुण्यातला किंवा ठाण्यातला फ्लॅट. तो तुमची मालमत्ता आहे आणि फॉर्ममध्ये दाखवावा लागतो. भाड्याने दिलेला नसला तरी, भावाच्या ताब्यात असला तरी, कागदावर तुमचं नाव असेल तर तो तुमचाच. दोन, भारतातल्या आईवडिलांचा खर्च. तुम्ही दर महिन्याला घरी पैसे पाठवत असाल, आईच्या डायलिसिसचा किंवा बाबांच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला असेल, तर अनेक खासगी कॉलेजं मागतात त्या सीएसएस प्रोफाइल या फॉर्ममध्ये विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. बँकेतून पाठवलेल्या पैशांच्या पावत्या जोडून ते स्पष्ट लिहा. मी ऑफिसात असताना असे कागद वाचले जायचे आणि कधी कधी त्यावरून आकडा बदलायचाही. प्रत्येक कॉलेज ऐकेलच असं नाही, पण न सांगितलेलं कुणालाच कळत नाही.

धाकट्याबद्दल : दोघांत तीन वर्षांचं अंतर आहे, म्हणजे दोघंही एकाच वेळी कॉलेजात असतील ते एकच वर्ष. पूर्वी फॅफ्सामध्ये दोन मुलं एकदम शिकत असली की अपेक्षित वाटा विभागला जायचा. २०२४-२५ पासून ती सवलत गेली. सीएसएस प्रोफाइल मागणारी अनेक खासगी कॉलेजं मात्र अजूनही हे लक्षात घेतात.

फॅफ्सा भराच. त्याला पैसे पडत नाहीत. उत्पन्न कितीही असलं तरी मुलीच्या नावाने केंद्र सरकारचं कर्ज त्यातूनच मिळतं, पहिल्या वर्षी साडेपाच हजारांपर्यंत. ते घ्या असं मी म्हणत नाही. पण एखाद्या पालकाची नोकरी मधेच गेली तर फॉर्म आधीपासून भरलेला असणं उपयोगी पडतं, आणि आयटीत गेल्या दोन-तीन वर्षांत ते कुणाच्या घरी झालं नाही, असं सांगता यायचं नाही. काही कॉलेजं मेरिटसाठीही तो मागतात.

यानंतरचं पाऊल अर्जाचं नाही, घरातल्या बोलण्याचं आहे. काही वर्षांपूर्वी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक कुटुंब माझ्याकडे आलं. मुलगी एका प्रसिद्ध विद्यापीठाचा स्वेटशर्ट घालूनच आली होती. तिथे प्रवेश मिळाला होता, वर्षाचे ८६ हजार, मदत काही नाही. दुसऱ्या एका, थोड्या कमी नावाच्या विद्यापीठाने पूर्ण ट्यूशन माफ केली होती. बाबांनी लॅपटॉप उघडून तक्ता दाखवायला सुरुवात केली, घराचा हप्ता, धाकट्याचा खर्च, रिटायरमेंट. ती शांतपणे ऐकत होती. मग स्वेटशर्टच्या बाहीने डोळे पुसत म्हणाली, ‘बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, तू फक्त अ‍ॅडमिशन मिळव, पैशांचं आम्ही बघतो. आधी सांगितलं असतं तर मी ते कॉलेज मनात धरलंच नसतं.’ बाबांना पुढे बोलता आलं नाही. ते वाक्य त्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं. आपल्या घरांत ते प्रेमानेच म्हटलं जातं. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसमोर खरा आकडा ठेवण्यात तिचा मान आहे. आणि तो अकरावीत ठेवायचा, बारावीच्या एप्रिलमध्ये नाही.

तेव्हा तुम्ही आणि वहिनी आधी एक आकडा ठरवा : कर्ज न काढता, रिटायरमेंटला हात न लावता, दर वर्षी किती देता येईल? ५२९ चे १ लाख १० हजार चार वर्षांत वाटले तर वर्षाला साधारण साडेसत्तावीस हजार. त्यात पगारातून समजा २० हजार घातले, म्हणजे साडेसत्तेचाळीस. घरचं विद्यापीठ म्हणजे रटगर्स, न्यू जर्सीच्या रहिवाशांना तिथे राहण्याजेवणासकट वर्षाला साधारण ३५ ते ४० हजार पडतात. वरच्या दर्जाच्या खासगी विद्यापीठांची छापील किंमत आता ९० हजारांच्या पुढे गेली आहे. दोन्हींतला फरक चार वर्षांत दोन लाख डॉलरच्या वर जातो. धाकट्याचं शिक्षणही याच घरातून व्हायचंय. हा हिशेब मुलीला जेवणाच्या टेबलावर दाखवा आणि तिला विचारा, ‘या आकड्यात बसणारी कोणती कॉलेजं तुला आवडतील, ती आपण मिळून शोधू.’ ती मुलं किती समजूतदारपणे याला भिडतात, ते मी बघितलंय.

आता शोध. निवडक विद्यापीठांपैकी काही मेरिट देतात, पण ती फार थोड्यांना मिळते. व्हँडरबिल्टच्या तीन मोठ्या स्कॉलरशिपांत पूर्ण ट्यूशन मिळते, त्यासाठी वेगळा अर्ज असतो. ड्यूकमध्ये काही आहेत. त्यातली रॉबर्टसन ही ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांची मिळून २००० साली उभी राहिलेली योजना. खुद्द नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मोरहेड-केन आहे, तिच्यात चारही वर्षांचा खर्च आणि उन्हाळ्यांतले उपक्रमसुद्धा येतात. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेफरसन स्कॉलरशिपसाठी सहसा शाळेची शिफारस लागते. यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, ट्रस्टी स्कॉलरशिपमध्ये पूर्ण आणि प्रेसिडेन्शियलमध्ये अर्धी ट्यूशन देतं. वॉशिंग्टन अँड ली हे व्हर्जिनियातलं छोटं कॉलेज जॉन्सन स्कॉलरशिप देतं. ती येणाऱ्या वर्गातल्या साधारण दहा टक्के मुलांना मिळते आणि ट्यूशनसह राहण्याजेवणाचा खर्च भागवते. आपल्या लोकांना हे नावसुद्धा फारसं माहीत नसतं. या सगळ्यांत उत्पन्न अडसर नाही. अडसर आहे तो गर्दीचा. दोन-तीन ठिकाणी जरूर प्रयत्न करा, पण घराचं बजेट त्यावर उभं करू नका. सॅट १५४० असलेली मुलं या स्पर्धांत भरपूर असतात.

खरी खाण एक पायरी खाली आहे. केस वेस्टर्न, रॉचेस्टर, पिट्सबर्ग, रेन्सेलर, मायामी, टुलेन यांच्यासारख्या ठिकाणी तुमची मुलगी वरच्या चौथ्या हिश्श्यात बसते, आणि मघाच्या त्या तक्त्यात तिच्या नावासमोर चर्चा होते ती इथेच. कॉम्प्युटर सायन्सची ओढ आहे म्हणून एक गोष्ट लगेच करा : शाळेच्या काउन्सेलरना भेटून रेन्सेलर मेडलबद्दल विचारा. गणित-विज्ञानात अव्वल असलेल्या अकरावीतल्या विद्यार्थ्याला शाळा हे पदक देते, १९१६ पासून ही प्रथा आहे, आणि ते मिळालेल्या मुलाला त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर चारही वर्षं ठरावीक स्कॉलरशिप मिळतेच. रॉचेस्टरचीही अशी अकरावीत शाळेमार्फत दिली जाणारी पारितोषिकं आहेत. हे बारावीत कळून उपयोग नसतो, आणि बहुतेकांना ते बारावीतच कळतं.

कुठलं कॉलेज खरोखर पैसे देतं आणि कुठलं नुसतं पत्रकात लिहितं, हे ओळखायची एक खात्रीची युक्ती आहे. बहुतेक कॉलेजं दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा अहवाल प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतो. त्यात ‘एच’ विभाग काढा. ‘एच-२’ मध्ये पहिल्या वर्षाच्या रकान्यात ‘ए’ ओळीत एकूण विद्यार्थी असतात आणि ‘सी’ ओळीत आर्थिक गरज सिद्ध झालेले. ए मधून सी वजा केले की उरतात तुमच्यासारख्या घरांतली मुलं. मग खाली ‘एच-२ए’ मध्ये ‘एन’ ओळ बघा : गरज नसताना कॉलेजकडून मेरिटचे पैसे मिळालेले किती. त्याच्या खालच्या ‘ओ’ ओळीत सरासरी रक्कम. समजा एका कॉलेजात १६०० मुलं, त्यातली ७०० गरजू. उरली ९००. मेरिट मिळाली ४५ जणांना. म्हणजे पाच टक्के, लॉटरीच म्हणायची. दुसऱ्या कॉलेजात १४०० पैकी ६०० गरजू, उरलेल्या ८०० पैकी ४८० जणांना सरासरी २४ हजार मिळाले. इथे दहातल्या सहा घरांना छापील किंमत द्यावी लागत नाही. एका संध्याकाळी मुलीला बरोबर घेऊन अशी बारा कॉलेजं काढा. वजाबाकी-भागाकाराच्या पलीकडे त्यात काही लागत नाही, आणि त्यानंतर यादी आपोआप बदलते.

सरकारी विद्यापीठांचं गणित वेगळं आहे. अलाबामासारखी विद्यापीठं सरळ तक्ता छापतात : इतका जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), इतका सॅट, इतके डॉलर. समिती नाही, मुलाखत नाही. टेक्सासमध्ये एक नियम फार उपयोगी आहे : बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला तिथल्या सरकारी विद्यापीठाची किमान हजार डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर त्याला राज्यातल्या रहिवाशांच्या दराने ट्यूशन लागू होऊ शकते. त्यामुळे टेक्सासचं सरकारी विद्यापीठ यूटी डॅलस कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांसाठी अचानक परवडणारं होतं. आणि कधी कधी स्कॉलरशिप लागतच नाही. पर्ड्यूने २०१३ पासून ट्यूशन वाढवलेली नाही, बाहेरच्या राज्यातल्या मुलांनाही ती २९ हजारांच्या आत पडते. आपण टक्क्यांची सवलत बघतो, पण बघायला हवी ती शेवटी हातातून जाणारी रक्कम. ९० हजारांवर ३० हजारांची सूट मिळाली तरी ६० हजार द्यायचेच असतात.

हा मजकूर अटलांटा किंवा टँपातली मंडळीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी : जॉर्जियाची होप स्कॉलरशिप १९९३ पासून आहे आणि झेल मिलर तिची वरची पायरी. फ्लोरिडात ब्राइट फ्यूचर्स आहे. दोन्हींना उत्पन्नाची अट नाही. जॉर्जिया टेकसारखं विद्यापीठ घराजवळ असताना केवळ नावासाठी दुसऱ्या किनाऱ्यावर जाण्याआधी हा हिशेब करा. न्यू जर्सीत तुम्हाला याच्या तोडीचं काही नाही.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांच्या पालकांना मात्र सावध करते. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभं राहून, इथेच पहिलीपासून शिकूनही त्या मुलाला फॅफ्सातून मिळणारी मदत मिळत नाही आणि राज्याच्या अशा स्कॉलरशिपाही मिळत नाहीत. काही कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थ्यांत धरतात. पण वर सांगितलेल्या खासगी मेरिट स्कॉलरशिपांपैकी अनेक परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या असतात. प्रत्येक कॉलेजला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका.

नॅशनल मेरिट या देशव्यापी स्कॉलरशिप स्पर्धेबद्दल पालकांचा मोठा गैरसमज असतो. अकरावीच्या ऑक्टोबरमधल्या पीएसएटीवरून, म्हणजे सॅटच्या आधीच्या परीक्षेवरून, देशभरातून साधारण १६ हजार मुलं उपांत्य फेरीत येतात. राज्यागणिक उंबरठा वेगळा, आणि न्यू जर्सीचा देशात सर्वांत वरच्यांपैकी, २२८ पैकी २२३ ते २२५ च्या घरात. एवढं करून स्पर्धा घेणाऱ्या संस्थेकडून मिळालेच तर ते एकदाच अडीच हजार डॉलर. त्याची खरी किंमत काही मोजक्या विद्यापीठांत आहे, जी फायनलिस्टना स्वतःची मोठी स्कॉलरशिप देतात. तुमच्या मुलीने ती परीक्षा दिलीच असेल. गुण तिथे पोहोचत असतील तर त्या विद्यापीठांची यादी बघा, नसतील तर हळहळू नका.

तारखांच्या बाबतीत दर वर्षी कुणाचं तरी नुकसान होतं. अर्जाची शेवटची तारीख १ जानेवारी असते म्हणून लोक निवांत राहतात, आणि मेरिटची तारीख आधीच निघून गेलेली असते. यूएससीसाठी १ नोव्हेंबर. रटगर्सच्या मेरिटसाठीही तीच. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या ट्रस्टी स्कॉलरशिपसाठी १ डिसेंबर. मोरहेड-केन तर ऑक्टोबरमध्येच. या तारखा बदलू शकतात, म्हणून ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेजच्या पानावर जाऊन बघा आणि फ्रिजवर एकच कागद लावा. आमच्या ऑफिसात दोन दिवस उशिरा आलेला अर्ज कितीही चांगला असला तरी समितीपुढे ठेवता यायचा नाही. असे किती तरी अर्ज मी जड मनाने बाजूला ठेवलेत.

अर्ली डिसिजनचं, म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेल्या बांधील अर्जाचं, काय करावं, हे तुमच्या आकड्यावर अवलंबून आहे. त्यात प्रवेश मिळाला की जावंच लागतं, म्हणजे ‘हिला दिलं नाही तर ती येणार नाही’ ही कॉलेजची चिंताच संपते. शिवाय बाकीच्यांची पत्रं यायच्या आधी निर्णय होतो. छापील किंमत पूर्ण भरायची तयारी असेल आणि मुलीचं मन एका ठिकाणी ठाम असेल तर अर्ली डिसिजन जरूर करा, प्रवेशाची शक्यता वाढते. मेरिटच्या आधारावर निर्णय घ्यायचा असेल तर करू नका. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये बंधन नसतं, ते शक्य तिथे सगळीकडे करा.

निबंधाबद्दल थोडंच सांगते, कारण त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं असतं. समितीवर असताना मी एका वसंतात शंभर-दीडशे अर्ज वाचायचे. रोबोटिक्स, डिबेट, व्हायोलिन, हॉस्पिटलमध्ये सेवा, उन्हाळी संशोधन : बारा-बारा उपक्रमांच्या याद्या एकमेकींत मिसळून जायच्या. एक मुलगा लक्षात राहिला. त्यांच्या गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत साउंड सिस्टम तो सांभाळायचा. नववीत असताना आरतीच्या ऐन वेळी माइक बंद पडला, तेव्हा त्याने एका वहीत सगळं लिहून काढायला सुरुवात केली : कुठली वायर कुठे, घुमायला लागलं तर कुठलं बटण आधी खाली करायचं, कुठल्या काकांना माइक तोंडाजवळ धरायला सांगावं लागतं. चार वर्षांत ती वही सत्तर पानांची झाली आणि त्याने ती सातवीतल्या दोन मुलांच्या हाती दिली. निबंधाची सुरुवात त्या वहीच्या पहिल्या ओळीने होती : ‘आधी प्लग बघ, मग घाबर.’ समितीतल्या कुणालाही गणपती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण आपण निघून गेल्यावर काम चालू राहावं म्हणून झटणारा मुलगा त्यांना नेमका दिसला. तुमच्या मुलीकडेही असं काहीतरी असणार. तेरावा उपक्रम जोडण्यापेक्षा ते शोधायला तिला वेळ द्या.

मार्च-एप्रिलमध्ये पत्रं आली की एकदा नम्रपणे विचारायला हरकत नसते. त्याच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर ते पत्र जोडून लिहायचं : ‘तुमचं कॉलेज हिची पहिली पसंती आहे, हा फरक थोडा कमी होऊ शकला तर आम्ही याच आठवड्यात डिपॉझिट भरू.’ हे पत्र शक्यतो मुलीने लिहावं. काही कॉलेजं वाढवून देतात, काही स्पष्ट नाही म्हणतात, पण विचारलं म्हणून मिळालेला प्रवेश कुणी काढून घेत नाही. डिपॉझिट भरायची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे असते, तिच्या आधी दोन-तीन आठवडे हातात ठेवा.

पत्र हाती आलं की अटी वाचा. चार वर्षांसाठी आहे की एकाच? कोणता जीपीए टिकवावा लागतो? ३.० असेल तर साधारण निभतं. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगला ३.५ ची अट असेल तर पहिल्या वर्षीच धाकधूक सुरू होते. विषय बदलला तर स्कॉलरशिप राहते का? ट्यूशन दर वर्षी वाढते, स्कॉलरशिपची रक्कम मात्र बहुधा तीच राहते, हेही हिशेबात धरा. ट्यूशन, फी आणि लागणाऱ्या पुस्तकांसाठीच्या स्कॉलरशिपवर टॅक्स नाही, राहण्याजेवणासाठी मिळालेल्या भागावर लागतो. आणि ५२९ मधले पैसे वाया जातील ही भीती नको. जितकी स्कॉलरशिप मिळाली तितकी रक्कम दंड न भरता काढता येते, फक्त नफ्यावर टॅक्स पडतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे खातं धाकट्याच्या नावाने करून टाका.

बाहेरच्या छोट्या स्कॉलरशिपांकडे, म्हणजे रोटरी, कंपनीची, गावातल्या क्रेडिट युनियनची, मोठ्या उत्पन्नाची घरं बघतच नाहीत. खरं तर तुम्हालाच त्यांचा पूर्ण फायदा होतो. नीड-बेस्ड मदत घेणाऱ्या मुलाला बाहेरून हजार मिळाले तर अनेक कॉलेजं आपले हजार कमी करतात. तुमच्याकडून कमी करायला तिथे काही नसतं. मात्र त्यातल्या बऱ्याच जणी उत्पन्न विचारतात, त्या सोडून द्या. दोघांच्याही कंपन्यांच्या एचआरला विचारा, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी अनेक ठिकाणी योजना असते आणि तिला अर्जदार कमी असतात.

शेवटी त्या सल्लागाराबद्दल. पैसे देऊ नका. मेरिटची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, कारण त्या फेब्रुवारीतल्या मीटिंगला बाहेरचा माणूस नसतो. जिथे गुणांचा तक्ता छापलेला आहे तिथे स्कॉलरशिप तशीही मिळणारच आहे. तीच मिळवून दिली म्हणून सहा हजार घेणारे मी पाहिलेत. अर्ज वाचून देणारं, निबंधावर प्रामाणिक मत देणारं कुणी हवं असेल तर शाळेच्या काउन्सेलरपासून सुरुवात करा. उरलेल्या पैशांतून जूनमध्ये मुलीला घेऊन गाडीने निघा : पिट्सबर्ग, तिथून क्लीव्हलँडला केस वेस्टर्न, वर रॉचेस्टर, परतताना ट्रॉयला रेन्सेलर. चार दिवसांत होतं. प्रत्येक ठिकाणी कॅम्पस टूरला नाव नोंदवून जा, कारण कॉलेज बघायला कोण आलं होतं याचा रकाना त्या तक्त्यात असतो. कॅल्क्युलेटरचे आणि ‘एन’ ओळीचे आकडे काढून झाले की बारा कॉलेजांची यादी मला पाठवा, मी बघून सांगेन.